नेटलीच्या लष्करी चॅपलमध्ये मराठी लग्न: होम, हळद, सनई यांतलं काय जमेल?

केळीचे_खांब (प्रश्न)

साउथॅम्प्टनजवळ नेटलीला रॉयल व्हिक्टोरिया कंट्री पार्कमध्ये जुन्या लष्करी इस्पितळाचं चॅपल आहे. दुरुस्तीनंतर ते समारंभांना भाड्याने देतात. भाचीचं लग्न पुढच्या जूनमध्ये एखाद्या शनिवारी तिथे करायचं घाटतंय. पाहुणे साधारण १२०, निम्मे मराठी, बाकी मुलाकडचे इंग्रज. नोंदणी आणि वैदिक विधी दोन्ही त्याच दिवशी हवेत.

विचारायचं असं:

१) रजिस्ट्रारसमोर लग्न आणि भटजींसमोर लग्न, दोन्ही एकाच वास्तूत चालतं का? कशानंतर काय ठेवावं?
२) लाजाहोम आत करता येईल का? नाहीच, तर बाहेर नीट कसा करायचा?
३) हळद, कुंकू, अक्षता, समया यांतलं काय आत न्यावं, काय दारातच ठेवावं?
४) उंच छतामुळे मंगलाष्टकं घुमतील अशी भीती आहे. सनईवादक दोघे येणार आहेत, त्यांना माइक लावावा का?

वास्तू सुरेख आहे वगैरे माहीत आहे. अडचणी सांगा.

---

तिथीनुसार

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

इंग्लंडमध्ये अशा जागी होणारा कायदेशीर विवाह म्हणजे नागरी विवाह, आणि त्यात धार्मिक भाग घालायला बंदी आहे. मंगलाष्टकं, मंत्र, धार्मिक स्वरूपाचं वाचन यांतलं रजिस्ट्रारच्या वीस-पंचवीस मिनिटांत काही बसत नाही. नुसती वाद्यं वाजवायला बहुधा हरकत नसते, पण कोणते राग किंवा धुना वाजणार ती यादी आधी पाठवा. भक्तिगीताची चाल त्यांना ओळखू आली नाही म्हणून चालून जाईल असं धरू नका, सरळ सांगून टाका.

उलट बाजूने, नुसत्या वैदिक विधीने तिथे कायद्याच्या दृष्टीने लग्न लागत नाही. म्हणून दोन स्वतंत्र समारंभ ठेवा, मध्ये स्पष्ट खंड पडू द्या. रजिस्ट्रार निघून गेले, खुर्च्या फिरवल्या, मग अंतरपाट. मधला अर्धा तास चहापाण्यात जातो. मात्र नोंदणी ज्या खोलीत आहे तिथे आधीचा एक तास आणि समारंभ चालू असताना खाणं आणि मद्य चालत नाही, तेव्हा पेढ्यांचं ताट बाहेर. नोंदणी चालू असताना दार जनतेला मोकळं ठेवावं लागतं, कुणी बाहेरचा येऊन मागे उभा राहिला तर हाकलू नये. परवान्यात वास्तूचा नेमका कोणता भाग धरलाय तेही लेखी मागवा. इंग्लंडमध्ये आता परवानाधारक जागेच्या आवारात उघड्यावरही नोंदणी होऊ शकते, पण ती जागा त्या परवान्यात बसली पाहिजे.

नोटीस दोघांनी आपापल्या भागातल्या कार्यालयात स्वतः जाऊन द्यायची. त्याआधी त्या भागात किमान सात दिवस राहिलेलं असावं लागतं. नोटिशीनंतर पूर्ण २८ दिवस थांबावं लागतं, आणि दोघांपैकी एक परदेशी नागरिक असून व्हिसावर असेल तर ही मुदत ७० दिवसांपर्यंत वाढू शकते. नोटीस १२ महिने चालते. जूनचं लग्न असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच देऊन टाका.

मुहूर्ताचं बघा. पुण्याच्या पंचांगातली वेळ साडेचार तासांनी मागे सरकवली की झालं, असं समजणारे पुष्कळ भेटतात. तिथी, नक्षत्र संपण्याचा क्षण तसा काढता येतो, पण लग्नरास (त्या वेळी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास) त्या ठिकाणच्या अक्षांश-रेखांशावर ठरते. गुरुजींना साउथॅम्प्टन, अक्षांश ५०.९ उत्तर, असं स्पष्ट सांगा. आणि गोरज मुहूर्ताचा हट्ट असेल तर लक्षात घ्या की जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे सूर्य मावळतो रात्री सव्वानऊ उलटून गेल्यावर. तोवर जागेची वेळ संपत आलेली असते आणि म्हातारी मंडळी पेंगत असतात.

रजिस्ट्रारची वेळ महिनोन्‌महिने आधी ठरते आणि ती मुहूर्तासाठी सरकत नाही. म्हणून सकाळचा मुहूर्त घेऊन दुपारी नोंदणी, किंवा बारापर्यंत नोंदणी आटपून दुपारचा मुहूर्त. त्यातली दुसरी पद्धत बरी: मंडप, फुलं, पाट सगळं नंतर लागतं, आणि नोंदणी मोकळ्या, स्वच्छ जागेत होते.

---

चुना_आणि_वीट

तिसऱ्या प्रश्नाबद्दल, आणि थोडं विस्ताराने, कारण इथेच डिपॉझिट जातं.

ही वास्तू काय आहे ते आधी. व्हिक्टोरिया राणीने १९ मे १८५६ रोजी इस्पितळाची कोनशिला बसवली, १८६३ मध्ये रुग्ण यायला लागले. इमारत पाव मैल लांब, १३८ वॉर्ड. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी नकाशावरच टीका केली होती, कारण हवा खेळत नव्हती. १९६३ मध्ये आग लागली, १९६६ मध्ये पाडकाम झालं आणि मधलं चॅपल तेवढं ठेवलं. पाडताना कोनशिलेखाली पेटी सापडली, त्यात व्हिक्टोरिया क्रॉस होता. घुमटाचा मनोरा सुमारे १५० फुटी. लाल विटा आणि पोर्टलंड दगडाचं काम. संरक्षित वारसा वास्तू म्हणून दर्जा ग्रेड दोन-तारांकित. मोठ्या दुरुस्तीनंतर २०१८ मध्ये पुन्हा उघडलं.

म्हणजे दीडशे वर्षांहून जुनी वीट आणि चुना, तेही खाडीच्या काठावर. अशा भिंती ओल आत घेतात आणि बाहेर सोडतात. तिच्यावर जे काही पडतं ते वर राहत नाही, आत जातं. त्या हिशेबाने एकेक बघा.

हळद. पाण्यात फारशी विरघळत नाही, तेलात सहज विरघळते, आणि आपण ती लावतो तेलाबरोबरच. तेल दगडात शिरतं आणि रंग सोबत घेऊन जातं. त्याहून वाईट म्हणजे चुन्याच्या ताज्या हाताने रंगवलेल्या भिंतीला हळदीचा हात लागला तर डाग पिवळा राहत नाही, लालसर तपकिरी होतो. घरी हळदीत चुना कालवून कुंकू करतात ना, तेच भिंतीवर होतं. मग कुणीतरी घाबरून साबणपाण्याचं फडकं मारतं. साबणही अल्कधर्मी, त्यामुळे डाग आणखी लाल होतो आणि पसरतो. हळदीचा कार्यक्रम आदल्या दिवशी घरीच उरका. ओली हळद, उटणं, तेल काहीही चॅपलच्या दारातून आत नको. नवरा-नवरीच्या हातापायाला लावलेली हळद धुऊन, पुसून, कोरडी झाल्यावरच आत.

कुंकू. बाजारातल्या कुंकवात बऱ्याचदा कृत्रिम रंग असतो, तो पाण्याच्या एका थेंबाने धावतो. आत फक्त कपाळाला लावण्यापुरतं, झाकणाच्या करंड्यात. ओल्या कुंकवाचे स्वस्तिक, पावलं, उंबऱ्यावरची बोटं हे सगळं पाटावर किंवा कापडावर करा. सांडलंच तर पुसू नका. आधी मऊ कोरड्या ब्रशने सुपलीत घ्या, मग व्हॅक्यूम, आणि व्यवस्थापकाला लगेच दाखवा. ओलं फडकं शेवटपर्यंत लावायचं नाही. ब्लीच तर नाहीच.

अक्षता. हिशेब करा: १२० जण, आठ मंगलाष्टकं, दर वेळी चिमूटभर म्हणजे पाचेक ग्रॅम. जवळजवळ पाच किलो तांदूळ जमिनीवर. गुळगुळीत फरशीवर तांदूळ छऱ्यांसारखा घरंगळतो. चामड्याचे तळ असलेले बूट, उंच टाचा, नऊवारीतल्या आजी, काय होईल ते डोळ्यांपुढे आणा. दोन उपाय आहेत. मंडपाखाली आणि भोवती ४ × ४ मीटरचं जाड सुती कापड अंथरायचं, कडा वजनाने दाबायच्या (फरशीला चिकटपट्टी नाही), आणि अक्षता फक्त कापडाच्या कडेला उभे असलेल्या जवळच्या पंचवीस जणांच्या हातात द्यायच्या. बाकीच्यांनी टाळ्या. किंवा सगळ्यांना एकदाच, शेवटच्या ‘सावधान’ला. अक्षता कोरड्या हव्यात. रंगवायच्याच असतील तर दोन दिवस आधी रंगवून पूर्ण वाळवा. फुलांच्या पाकळ्या हा पर्याय वाटतो तितका निरुपद्रवी नाही. चिरडल्या की फरशी निसरडी होते आणि डागही पडतो.

केळीचे खांब, तुमचं नावच ते असल्यामुळे सांगतो: कापलेल्या खुंटाचा चीक वाळला की तपकिरी डाग कायमचा. कापडावरून जात नाही, दगडावरून काय जाणार. कुंडीतली केळी भाड्याने घ्या, खाली खोल बशी.

समई उभ्या काठाच्या पितळी परातीत ठेवा, परातीत बोटभर कोरडी वाळू. तेल नेहमी दांड्यावरून ओघळतं आणि बुडाला वर्तुळ उमटवतं. परवानगी एक-दोन समयांपुरतीच मागा, म्हणजे मिळण्याची शक्यता असते. कापूर आत नको. त्याची काजळी चिकट असते, वर चढते आणि उंचावरच्या गिलाव्यावर जाऊन बसते. ती काढायला परांची बांधावी लागते.

मंडप पूर्णपणे स्वतःच्या पायावर उभा हवा. भिंतीला, खांबाला, कठड्याला खिळा, हूक, दोरी, दुहेरी चिकटपट्टी काही नाही. अशा दर्जाच्या वास्तूत विनापरवाना छेडछाड हा फौजदारी गुन्हा धरला जातो. २.४ × २.४ मीटरचा चौखांबी मंडप, प्रत्येक पायाला २५ ते ३० किलोचं सपाट वजन, वजनाखाली जाड नमदा. डेकोरेटर ‘जराशी दोरी वर बांधतो’ म्हणेल. ते चालणार नाही हे त्याला करारातच लिहून द्या.

शेवटचं, जे कुणी विचारत नाही: दमट हवा. बसलेला माणूस तासाला ५० ग्रॅम तरी वाफ सोडतो. १२० जण म्हणजे तासाला सहा लिटर पाणी हवेत. जाड भिंती जूनमध्येही थंड असतात, त्यावर ते पाणी धरतं, आणि खाडीकाठच्या विटेत क्षार असतातच. ओलं-कोरडं होताना क्षाराचे स्फटिक फुगतात आणि गिलाव्याचा पापुद्रा सुटतो. दारं उघडी ठेवा, दर तासाला दहा मिनिटं लोकांना बाहेर काढा. थंडी पडली तरी गॅसचे फुंकणारे हीटर आणू नका. एक किलो एलपीजी जळून दीड किलोच्या वर पाणी तयार होतं. नाच दुसऱ्या जागी ठेवा.

---

मध्यलय

चौथा प्रश्न. घुमण्याचा अंदाज कागदावर काढता येतो. प्रतिध्वनी-काळ = ०.१६१ × घनफळ ÷ शोषण. हे चॅपलचं मोजमाप नाही, नमुन्याचं गणित आहे: २० × १० × १० मीटरचं दालन धरा. घनफळ २००० घनमीटर. भिंती, छत, जमीन मिळून १००० चौरस मीटर कठीण पृष्ठभाग, शोषण सरासरी ०.०८, म्हणजे ८०. रिकाम्या दालनात आवाज विरायला चार सेकंद. १२० माणसं बसली की प्रत्येकी ०.४५ धरून आणखी ५४, एकूण १३४, आणि काळ येतो २.४ सेकंद. यावरून दोन गोष्टी कळतात. रिकाम्या हॉलमध्ये केलेला साउंड चेक फसवा असतो, आणि सगळ्यात चांगला पडदा म्हणजे पाहुणे. त्यांना पांगवू नका, मंडपाजवळ दाट बसवा. मुहूर्ताच्या आधी मंडपामागे ४० चौरस मीटर जाड, चुण्यांचं कापड उभं केलंत तर दोन सेकंदांच्या जवळ येता.

संस्कृत शब्द कळण्यासाठी दीड सेकंद बरा, दोन सोसवतो, अडीचला लगदा होतो.

सनईला माइक नको, अजिबात नको. त्या वाद्याला मोकळ्या मैदानाचा जोर आहे. दोघांना आत बसवायचं असेल तर प्रवेशद्वारापाशी, तोंड बाहेर करून. खरं तर बाहेर बसवून दार उघडं ठेवलं की आत येणारा आवाज अगदी मापात असतो. चौघडा असेल तर नगारे बाहेरच, कारण खालचे सूर दगडी दालनात कुठे शोषलेच जात नाहीत.

मंगलाष्टकं: दोनच गायक, प्रत्येकाला एकदिशी माइक, तोंडापासून १५ सेंटिमीटर. रजिस्टर बघून वाचणारे काका माइकपासून दीड फूट लांब जातात आणि मग आवाज वाढवला की शिट्टी येते. मंगलाष्टकांच्या शार्दूलविक्रीडित वृत्ताला बाराव्या अक्षरावर यती (विराम) आहे, ती पाळा, तिथे खरोखर थांबा. ‘सावधान’नंतर पुढचा श्लोक उचलण्याआधी मनात दोन आकडे मोजा, म्हणजे आधीचा आवाज विरलेला असतो. हौशी मंडळींनी रचलेली, पाच जणांनी म्हणायची मंगलाष्टकं सगळ्यात आधी फसतात. शब्द नवे, चाल घाईची, आणि पाचही जण थोडे पुढेमागे.

स्पीकर मोठे नकोत. उभे, बारीक स्तंभ-स्पीकर, मंडपाजवळ दोन, आणि गरज असेल तर मध्यावर दोन छोटे. पुढच्यापासून १२ मीटरवर दुसरी जोडी असेल तर तिला ३५ मिलिसेकंद विलंब द्यावा लागतो, वर आणखी दहा-पंधरा घाला म्हणजे आवाज गायकाकडूनच येतोय असं वाटतं. हा विलंब विसरला की मागच्या रांगांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि सगळे वास्तूला दोष देतात.

---

केळीचे_खांब

कुंडीतली केळी, ठरलं. होम बाहेर करायचा असं मी धरून चालतोय. पण ती जागा खाडीच्या तोंडावर, वारा असतो. लाजाहोम आणि सप्तपदी बाहेर, बाकी आत, असं तोडलं तर विधीत अडचण?

---

अग्निसाक्षी

विधीत अडचण नाही. अंतरपाट, मंगलाष्टकं, कन्यादान, मंगळसूत्र आत, मग वधूवर बाहेर चालत जाऊन विवाहहोम, लाजाहोम, सप्तपदी. गुरुजींना आधी सांगा, म्हणजे संकल्प आणि पुण्याहवाचनाची मांडणी ते दोन ठिकाणांच्या हिशेबाने करतील. पाहुण्यांनाही उठायला निमित्त मिळतं आणि वर लिहिलेली ती वाफ बाहेर जाते.

आत होम मागूच नका. धूर दिसला की वाजणारे शोधक बंद करावे लागतात, त्याला अग्निसुरक्षेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीची आणि विमा कंपनीची परवानगी लागते, आणि ज्या इस्पितळात आधीच एकदा आग लागून गेली आहे तिथे ती कोण देणार.

बाहेरची मांडणी: दक्षिण-पश्चिमेकडचा वारा धरून चला. चॅपलच्या आडोशाला, पण भिंतीपासून सहा मीटर तरी लांब. नव्वद सेंटिमीटर चौरस लोखंडी ट्रे, विटांवर दहा सेंटिमीटर उचललेला, म्हणजे गवत जळत नाही. नाहीतर हिरवळीवर पिवळा चौकोन राहतो आणि बिल येतं. ट्रेमध्ये पाच सेंटिमीटर कोरडी वाळू, त्यावर बारा इंची तांब्याचं कुंड. वाऱ्याच्या बाजूने गुडघाभर उंचीचा पत्र्याचा आडोसा. त्या कामाला कापडी छत्री वापरू नका.

समिधा दीड किलो पुरतात. आंब्याची लाकडं तिथे भारतीय दुकानात मिळतात, पण पुष्कळदा दमट. दोन दिवस घरात कोरड्या जागी पसरून ठेवा. तूप पाव किलो, पळीने थोडंथोडं. सगळ्यात चुकतं ते लाह्यांत: ओंजळभर लाह्यांवर तूप सोडून एकदम टाकल्या की जळत्या लाह्या वाऱ्याने उडतात. लाह्या कुंडाच्या कडेशी, अगदी खालून, आणि शेला-पदर मागे खोचलेला. सिंथेटिक शालू असेल तर वधूच्या मागे एका मावशीला त्याच कामाला उभं करा.

बाजूला अग्निरोधक चादर, सहा लिटरचा पाण्याचा अग्निशामक, वाळूची बादली. पेटलेल्या तुपावर पाणी कधीच नाही, त्यावर वाळू किंवा चादर. विधी झाल्यावर तासभर एक माणूस तिथेच. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, दुसऱ्या दिवशीपर्यंत. गाडीच्या डिकीत गरम राख नेऊ नका. आणि राख विसर्जनाला समोरची खाडी नको, घरच्या झाडांना घाला.

---

पंगत_प्रमुख

जेवणाबद्दल कुणी लिहिलं नाही. तीन किलोवॅटचा एक चहाचा बंब म्हणजे १३ अँपिअरच्या सॉकेटला तेवढाच भार. दोन बंब सॉकेटांच्या एकाच सर्किटवर (रिंगवर) आणि वर साउंडवाल्याची केबल, की ऐन ‘सावधान’ला वीज जायची भीती. जागेकडून लेखी विचारा: किती स्वतंत्र सर्किट, कुठे, ३२ अँपिअरचा पुरवठा आहे का. तळण आत नाही. भजी-पुऱ्या बाहेरच्या तंबूतून. पैसे घेऊन दारू विकणार असाल आणि जागेच्या परवान्यात ती बसत नसेल तर तात्पुरत्या समारंभाची नोटीस कौन्सिलला किमान दहा पूर्ण कामाचे दिवस आधी. फुकट पाजणार असाल तर ती नोटीस लागत नाही.

---

कॅम्पातला_वाचक

@चुना_आणि_वीट, छान लिहिलंय. एक भर. हे ठिकाण आपल्याला अगदीच परकं नाही. १८६३ पासून जवळजवळ चाळीस वर्षं आर्मी मेडिकल स्कूल तिथे होतं आणि लंडनमध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसची परीक्षा पास झालेल्या उमेदवारांना हिंदुस्थानात रुजू होण्याआधी नेटलीत शिकावं लागे. १९१४ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवरून जखमी हिंदी शिपाईही तिथे आणले गेले. इस्पितळाची लष्करी दफनभूमी उद्यानाच्या मागच्या भागात अजून आहे, तिथे माणसं फुलं ठेवायला येतात. वरात काढणार असाल तर खाडीकाठाने काढा, त्या बाजूला ढोल नको.

---

केळीचे_खांब

वरात काठानेच. नोंदणी बाराला, मुहूर्त दुपारचा, असं गुरुजींना कळवतो. एकच राहिलं: दारात नारळ फोडायचा असतो, तो?

---

चुना_आणि_वीट

पायरीवर नाही. पोर्टलंड दगडाची कड एका फटक्यात टवका सोडते, आणि नारळाच्या पाण्यातली साखर दगडात मुरली की शेवाळ धरतं. बाहेर गवतावर, घरून आणलेल्या वरवंट्यावर फोडा. पाणी वाटीत धरा.